'पिग्मॅलियन'चं उत्तर उच्चारांवर थांबवू नका

बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' हे इंग्रजी नाटक अभ्यासाला लागलं की बहुतेकांची उत्तरं एकाच साच्यातून निघतात. फुलं विकणारी एलायझा गावंढळ बोलते म्हणजे खालचा वर्ग, तिला बोलायला शिकवणारा भाषाशास्त्रज्ञ हिगिन्स प्रमाण भाषा बोलतो म्हणजे वरचा. ती त्याच्यासारखी बोलू लागली की वर्ग बदलला. या साच्यातून बाहेर यायला मला फार वेळ लागला, म्हणून इथे जरा लांबण लावते.

तिसरा अंक काढा. हिगिन्सच्या आईच्या, म्हणजे मिसेस हिगिन्सच्या दिवाणखान्यात एलायझाचे उच्चार निर्दोष आहेत. हवामानाबद्दल ती वेधशाळेच्या अंदाजासारखं घोटीव वाक्य टाकते. मग आत्याच्या मरणाचा विषय निघतो आणि तिला घरच्यांनीच संपवलं असणार, असं ती त्याच सफाईदार उच्चारांत सांगते. जीभ सुधारली, पण कुठल्या घरात काय बोलायचं नसतं हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. त्यात तिथे पाहुणी आलेली क्लारा आइन्सफर्ड हिल या बोलण्याला नवी फॅशन समजते आणि निघताना तिची शिवीही उचलते. म्हणजे शिवी तीच, पण तोंड कुणाचं यावर तिचा अर्थ ठरतो. उत्तराचा गाभा हा आहे. बोलीतले शब्द मोजत बसाल तर पानं भरतील, मार्क मिळणार नाहीत.

पटत नसेल तर एवढंच बघा: या नाटकाचा पहिला प्रयोग १९१३ मध्ये व्हिएन्नात जर्मन भाषेत झाला, लंडनमध्ये ते १९१४ साली आलं. लंडनची बोली नसतानाही नाटक उभं राहिलं.

आता हिगिन्स. दुसऱ्या अंकात मिसेस पिअर्स त्याला बजावते की मुलीसमोर शिव्या देऊ नका, ड्रेसिंग गाऊनला हात पुसू नका. घरची व्यवस्था बघणारी बाई भाषाशास्त्रज्ञाला सभ्यता शिकवते आहे! आणि तो लगेच आपल्या मित्राला, कर्नल पिकरिंगला सांगतो की मी किती भिडस्त माणूस, या बाईला मात्र मी हुकूमशहा वाटतो. व्यक्तिरेखेवर लिहायचं तर असे प्रसंग शोधा. गाईडमधली 'हट्टी, बुद्धिमान, अहंकारी' ही विशेषणांची माळ कुठल्याही नाटकातल्या कुठल्याही प्रोफेसरला घालता येते. गाईडवर माझा राग आहे, तो लपवत नाही. तयार नोट्स वाटणाऱ्या सरांवर तर त्याहून जास्त.

चौथा अंक पुन्हा पुन्हा वाचा, आणि संवादांइतक्याच रंगसूचनाही. एलायझाला उच्चभ्रू बाई म्हणून खपवण्याची पिकरिंगशी लावलेली पैज हिगिन्स जिंकतो, आणि घरी येऊन दोघे पुरुष ती खोलीत नसल्यासारखे गप्पा मारतात. ती गप्प. सपाता फेकण्याचा प्रसंग सगळे लिहितात. त्यानंतर ती विचारते की अंगावरचे कपडे माझे की कर्नलसाहेबांचे, ते फारसं कुणी लिहीत नाही. भाषा मिळाली, पण स्वतःचं म्हणावं असं काय मिळालं? वर्गाचा प्रश्न इथे सगळ्यात उघडा पडतो.

एलायझाचा बाप डूलिटल सोपा आहे, घाबरू नका. कचरा उचलणारा हा माणूस नाटकातला सगळ्यात पट्टीचा वक्ता आहे. मुलीच्या बदल्यात हिगिन्सकडे पाच पौंड मागतो, दहा नाकारतो, कारण दहा आले की माणूस जपून वागायला लागतो. पुढे वर्षाला तीन हजार पौंडांची सोय होते आणि तो रडकुंडीला येतो. त्याच्यासमोर क्लाराचं आइन्सफर्ड हिल कुटुंब ठेवा: खानदान आहे, खिसा रिकामा. एवढी जोडी नीट मांडलीत तरी वर्ग म्हणजे फक्त पैसा नाही हे सिद्ध होतं.

एलायझाची पहिली वाक्यं वाचताना डोकं गरगरलं तर स्वतःला कमी लेखू नका. शॉने तिची बोली उच्चाराबरहुकूम लिहायला घेतली आणि थोड्याच ओळींत माफी मागून सोडून दिली. मोठ्याने वाचा, जमतं.

सिनेमा जरूर बघा, पण पेपर झाल्यावर. या नाटकावरच्या 'माय फेअर लेडी'च्या शेवटी एलायझा हिगिन्सकडे परत येते; छापील नाटकात ती निघून जाते आणि तो एकटाच हसत राहतो. पुढे जोडलेल्या टिपणात शॉने तिचं लग्न क्लाराच्या भावाशी, फ्रेडीशी लावलंय. उत्तरात सिनेमाचा शेवट आला की मूळ नाटक वाचलेलं नाही हे तपासणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं.