सीमेकच्या फंक्शनमधून व्हेरिएबलचे मूल्य बाहेर आणण्याची रीत

सीमेक (CMake) या प्रोग्रामचा बिल्ड तयार करण्याच्या साधनात फंक्शनच्या आत 'सेट' (set) या आदेशाने व्हेरिएबलला दिलेले मूल्य फंक्शन संपताच नाहीसे होते, आणि आवृत्ती क्रमांक किंवा फायलींची यादी बिल्डपर्यंत रिकामीच पोहोचते. इंदूरच्या आमच्या गटात नव्याने येणाऱ्यांचा बराच वेळ याच ठिकाणी जातो, म्हणून ही रीत लिहून ठेवत आहे.

ज्या व्हेरिएबलमध्ये उत्तर हवे आहे त्याचे नाव फंक्शनला पहिले आर्ग्युमेंट म्हणून द्यावे आणि आतले काम स्थानिक व्हेरिएबलवर करावे. शेवटच्या ओळीत 'सेट' लिहून त्यात प्रथम डॉलर व महिरपी कंसांसह ते आर्ग्युमेंट, मग अवतरणचिन्हांत स्थानिक व्हेरिएबलचे मूल्य आणि अखेरीस 'पॅरेंट_स्कोप' (PARENT_SCOPE, म्हणजे फंक्शनला बोलावणाऱ्या बाहेरच्या पातळीवर मूल्य ठेवण्याची सूचना) द्यावे. अवतरणचिन्हे गाळू नयेत, कारण मूल्य रिकामे निघाल्यास त्यांच्या अभावी बाहेरचे व्हेरिएबलच काढून टाकले जाते.

मॅक्रोने (फंक्शनसारखाच, पण व्हेरिएबलांची स्वतःची वेगळी पातळी नसलेला आदेशसंच) हेच काम लवकर होते, परंतु त्यातील तात्पुरती व्हेरिएबले बाहेर उरतात. मोठ्या प्रकल्पात मी फंक्शनच पसंत करतो.

एक सावधगिरी बाळगावी: 'पॅरेंट_स्कोप'ने मूल्य केवळ एक पातळी वर जाते, आणि फंक्शनच्या आत मात्र जुनेच राहते, त्यामुळे एका फंक्शनमधून दुसरे बोलावले असल्यास ही ओळ प्रत्येक पातळीवर लिहावी लागते.