मुल्कीच्या लाटांवर दहा जणांना न्यायचं असेल तर

ठाण्यात पहाटेच्या बॅचला मी अकरा वर्षं पोहायला शिकवते आहे. त्या बॅचमधली माणसं, माझी नणंद आणि भाचा असे दहा-दहा जण घेऊन आतापर्यंत चार वेळा कर्नाटकातल्या मुल्कीला सर्फिंगला, म्हणजे बोर्डवर उभं राहून लाटेवर स्वार व्हायला, जाऊन आले. "ताई, आम्हालाही जायचंय, कसं करायचं ते सांगा" असं विचारणारे आता बरेच झालेत, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

पहिली गोष्ट, किनाराभर भटकायचा बेत करू नका. दोन दिवस गोवा, दोन दिवस गोकर्ण, मग मुल्की असा आराखडा कागदावर फार छान दिसतो. प्रत्यक्षात दहा जणांचं सामान बांधण्यात आणि गाड्या पकडण्यात निम्म्या सकाळी जातात. सर्फिंगमध्ये सकाळ गेली की दिवस गेला. शिवाय बोर्डवर उभं राहायला बहुतेकांना दोन-तीन सकाळी लागतात. त्या एकाच किनाऱ्यावर गेल्या, तर वाळू कुठे उथळ आहे, लाट कुठे फुटते, हे पायांना कळायला लागतं. एक गाव, पाच सकाळी. मी यापेक्षा वेगळं काही सुचवणार नाही.

मुल्की मंगळुरूच्या उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर, शांभवी नदीच्या काठी आहे. शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या इथे सशिहित्लूजवळ समुद्राला मिळतात. भारतात सर्फिंग शिकवण्याची सुरुवात ज्या गावांतून झाली त्यांतलं हे एक. 'सर्फिंग स्वामी' म्हणून ओळखले जाणारे जॅक हेब्नर यांनी २००४ मध्ये इथल्या आश्रमात मंत्र सर्फ क्लब सुरू केला. आता आसपास शिकवणारे बरेच आहेत आणि त्यांतले कितीतरी जण इथल्याच मच्छीमार घरांतली मुलं आहेत. आपल्यासाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे कोकण रेल्वे. मत्स्यगंधा एक्स्प्रेसला दुपारी ठाण्यात बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी थेट मुल्की. आरक्षण साठ दिवस आधी सुटतं. दहा बर्थ एकाच डब्यात हवे असतील तर त्याच सकाळी बसून काढा.

दिवस कोणते निवडायचे यावर मी हट्टी आहे. नवख्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा लाटा लहान असतात, कमरेएवढ्या, आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा असतो, त्यामुळे पाणी काचेसारखं तुळतुळीत राहतं. एप्रिल-मे मध्ये दक्षिणेकडून, हजारो किलोमीटरवरच्या वादळांमुळे उठलेल्या लांब लाटा यायला लागतात. कधी कधी तर इथे वाऱ्याची झुळूकही नसताना समुद्र एकदम चढतो. केरळात त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था त्याचे इशारे देते. ट्रिपच्या आठवड्यात रोज रात्री ते बघायची सवय लावून घ्या. जून ते सप्टेंबर नवख्यांनी पाण्यात उतरूच नये. इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा अलीकडे मे-जूनच्या सांध्यावर घेतात, ती मोठ्या लाटा मिळाव्यात म्हणूनच. ती बघायला जरूर जा, पण काठावरून.

भरती-ओहोटीचं एक सांगते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता, हा आपला हिशोब मुंबईकडचा आहे. तो मुल्कीला लावू नका, तिथलं वेळापत्रक वेगळं बघा. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. मुल्कीला तो फरक जेमतेम दीड मीटरच्या आसपास. पण नदीच्या मुखाशी हा छोटा फरकही जोरदार असतो. ओहोटीला दोन नद्यांचं पाणी एकदम बाहेर ओढ घेतं. मुखापासून लांब राहायचं, हे मी गाडीतच सगळ्यांकडून वदवून घेते.

कोणाला न्यायचं

न थांबता दोनशे मीटर पोहता आलं पाहिजे आणि पाठीवर दहा मिनिटं निवांत तरंगता आलं पाहिजे. पोहता न येणाऱ्यांनाही कमरेएवढ्या पाण्यात शिकवतात हे खरं, पण दहांच्या गटात तसे तीन जण असले की बाकी सात जणांचं लक्ष त्यांच्यावरच राहतं. खांदा आधी कधी निखळलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊ नका. वयाचं मात्र काही नाही. माझी नणंद पहिल्यांदा आली तेव्हा ५४ वर्षांची होती.

सहा आठवडे आधी तयारी सुरू करा. लोकांना वाटतं पायात ताकद हवी. पाण्यातला बहुतेक वेळ पालथं पडून हातांनी वल्हवण्यात जातो, म्हणजे खांदे, मान आणि कंबर. पोहणं आहेच, पण मी सगळ्यांना रोज बारा सूर्यनमस्कार घालायला लावते. कारण बोर्डवर उभं राहायची पहिली अवस्था म्हणजे थेट भुजंगासन आहे: तळवे बरगड्यांशेजारी, छाती वर, नजर समोर. तिथून एका झटक्यात दोन्ही पाय छातीखाली आणायचे. घरी चटईवर रोज वीस वेळा करा. कुठला पाय पुढे ठेवायचा, हे कळायला डोळे मिटून उभे राहा आणि कोणाला तरी न सांगता मागून हलकेच ढकलायला सांगा. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे गेला, तो तुमचा पुढचा पाय.

कपड्यांचं थोडक्यात: पूर्ण बाह्यांचा लायक्रा टॉप आणि घोट्यापर्यंतची लेगिंग. सैल टी-शर्ट नको, ओढणी तर नकोच. बोर्डवर पोट आणि मांड्या घासून दुसऱ्या दिवशी अंघोळीचं पाणीही झोंबतं. मंगळसूत्र, अंगठ्या, जोडवी खोलीवर काढून ठेवा. जोडवी बोर्ड पायाला बांधायच्या दोरीत अडकून बोट मुरगळलेलं मी पाहिलंय. सगळ्यांचे टॉप एकाच भडक रंगाचे घ्या, केशरी किंवा पोपटी. निळा आणि पांढरा समुद्रात दिसत नाही. अंगाला तेल चोपडून पाण्यात जाऊ नका, बोर्ड निसरडा होतो.

शिकवणाऱ्यांशी बोलताना दोनच गोष्टी पक्क्या करा. एका प्रशिक्षकामागे तीन-चारच नवखे हवेत, आणि सगळे बोर्ड मऊ फोमचे, आठ-नऊ फुटी हवेत. लहान बोर्ड दिसायला ऐटबाज असतो, पण त्यावर नवख्याला उभं राहता येत नाही.

पाण्यात उतरल्यावर

दहा जणांच्या पाच जोड्या करा. प्रत्येक जोडीतला एक पाण्यात, एक काठावर. काठावरच्याचं काम फोटो काढणं नाही, आपल्या जोडीदारावर नजर ठेवणं. मी गळ्यात शिट्टी घालून दर पाच मिनिटांनी डोकी मोजते. एक हात वर करून हलवला तर मदत हवी, दोन्ही हात डोक्यावर जोडले तर ठीक आहे. या खुणा पहिल्याच दिवशी वाळूवर करून घ्या.

समोर किनाऱ्यावर एक खूण ठरवा, एखादा वाकडा माड किंवा रंगवलेली होडी. लाटा सरळ आल्यासारख्या वाटतात, पण पाणी तुम्हाला हळूहळू बाजूला नेत असतं. दर दोन-तीन लाटांनी माड समोरच आहे ना ते बघायचं. नसेल तर बाहेर या, वाळूवरून चालत परत जा आणि पुन्हा उतरा.

आत ओढणारा प्रवाह ओळखायला मी सगळ्यांना पहिल्या सकाळी दहा मिनिटं नुसतं उभं करते. दोन्हीकडे लाटा फुटून फेस होतोय आणि मधे एक गडद, शांत पट्टा दिसतोय, फेस आणि वाळू उलट समुद्राकडे चालली आहे, तो प्रवाह. नवख्या माणसाला हीच जागा सगळ्यात सुरक्षित वाटते. सापडलात तर बोर्ड सोडू नका, किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर जा, पट्टा संपला की लाटाच तुम्हाला परत आणतात.

आता भाच्याचं. दुसरी ट्रिप, तिसरी सकाळ, पाणी त्याच्या छातीपर्यंत. तो बोर्ड आडवा धरून, पाठ किनाऱ्याकडे करून उभा होता. बोर्ड त्याच्या आणि लाटेच्या मधे. मी दोन पावलांवर होते. लाट काही मोठी नव्हती. तिने बोर्ड उचलला आणि त्याच्या तोंडावर आणला. भुवई फाटली, तीन टाके पडले. मऊ बोर्ड होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. मी तोंडी सांगितलं होतं, पण कोरड्यावर करून घेतलं नव्हतं. तेव्हापासून पाण्यात पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाला बोर्ड धरून दहा वेळा चालायला लावते: बोर्ड नेहमी बाजूला, टोक लाटेकडे, लाट आणि मी यांच्यामध्ये कधीच नाही.

पडायचंही शिकावं लागतं. डोक्यावर सूर मारायचा नाही, खाली उथळ वाळू असते. पाठीवर किंवा कुशीवर पसरून पडायचं आणि वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, कारण दोरीला बांधलेला बोर्ड परत येतो. दोरीचा पट्टा मागच्या पायाच्या घोट्याला. त्याच्या वेल्क्रोत वाळू गेली तर तो धरत नाही, म्हणून बांधण्याआधी धुवा. चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चला. पाकट, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत दडून बसते, पाय घासला की निघून जाते. जेलीफिशचा चटका बसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही.

एका लाटेवर एकच जण. जिथे लाट फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो आहे, ती त्याची. गटाने गेलेली माणसं एकमेकांना हाका मारत एकाच लाटेवर चढतात, आणि शेजारच्या स्थानिक पोरांनाही त्रास होतो. किनारा त्यांचा आहे, आपण पाहुणे. मासेमारीची जाळी ओढत असतील तर तेवढा वेळ बाहेर बसायचं.

साडेसहाला उतरायचं, दीड-दोन तासांत बाहेर. उन्हं चढली की समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी विस्कटतं. पहिले दोन दिवस फक्त फुटलेल्या लाटेच्या फेसात. हिरवी, न फुटलेली लाट चौथ्या दिवशी.

तिसऱ्या दुपारी खांदे बोलायला लागतात. त्या दिवशी संध्याकाळी पाण्यात जाऊ नका. शांभवीच्या काठाने फिरा, बप्पनाडूच्या देवळात जा, आणि पोटभर जेवा. इथल्या तुळू भाषेत सुरमईला 'अंजल' म्हणतात, बांगड्याला 'बंगुडे', आणि 'काणे' म्हणजे आपली मुडदुशी. रव्यात घोळलेली काणे आणि नीर दोसा, म्हणजे अगदी घावणंच, हे पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मालवणच्या माहेरची आठवण झाली. गावात कोंकणी बोलणारी घरंही आहेत, मराठीत बोललं तरी बरंच निभावतं.

नणंद पहिल्या ट्रिपला तीन सकाळी फक्त गुडघ्यांवर आली. चौथ्या दिवशी प्रशिक्षक मुलाने बोर्ड ढकलला आणि ओरडला, "पायाकडे बघू नका अम्मा, माडाकडे बघा!" ती बघत होती पायांकडेच. त्या आरोळीने मान वर झाली आणि त्यासरशी ती उभी राहिली. गुडघे वाकलेले, दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं. चार-पाच सेकंद असेल. वाळूला टेकेपर्यंत ती बोर्डवरून उतरलीच नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वहिनी, पाहिलंत ना?" नजरेची ही गोष्ट मी आता प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते. जिकडे बघाल तिकडे बोर्ड जातो, खाली बघाल तर खाली.

परतीच्या दिवशी सकाळी एकच फेरी, आठच्या आत बाहेर. लायक्राचे कपडे गोड्या पाण्यात पिळून घ्या, साबण नको, आणि सावलीत वाळवा. न वाळलेले वेगळ्या पिशवीत भरा. गाडीत बर्थखाली वाकलात आणि नाकातून समुद्राचं पाणी आलं तर घाबरू नका, एक-दोन दिवस येतं. कान मात्र तिसऱ्या दिवशीही दुखत असेल तर तेल घालत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.