डिस्चार्ज कार्ड न वाचता सही करता? क्लेम अडकवणाऱ्या या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात काकांना डेंग्यू झाला, नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात पाच दिवस भरती होते. बरे होऊन घरी आले आणि आरोग्य विम्याचा क्लेम अडकला, तोही डेंग्यूपायी नाही तर डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीपायी. काकांना शुगर निघून आठ महिने झाले होते, कार्डावर टाईप झालं "डीएम (म्हणजे शुगर), आठ वर्षांपासून". पॉलिसी दोन वर्षांची, म्हणजे कंपनीच्या हिशोबाने काकांनी पॉलिसी घेताना आजार लपवला! मग शुगर पहिल्यांदा निघाली तेव्हाची चिठ्ठी शोधा, डॉक्टरकडून सही-शिक्क्याचं दुरुस्तीचं पत्र आणा, दीड महिना गेला त्यात.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, कार्ड न वाचता घरी निघणं. आजार कधीपासून, भरती-सुट्टीच्या तारखा, नाव, वय, ऑपरेशन डावीकडचं की उजवीकडचं, सगळं तिथेच काउंटरपाशी उभं राहून वाचा. चूक दिसली तर स्वतः पेनाने खोडू नका बाप्पा, डॉक्टरकडूनच दुरुस्त करून घ्या.

दुसरं म्हणजे आजाराचा कोड. क्लेम फॉर्मचा भाग अ आपण भरतो, भाग ब हॉस्पिटल भरतं, आणि त्या भाग ब मध्ये आयसीडी-१० चे, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतले कोड असतात. टाईप २ शुगर म्हणजे ई ११, बीपी म्हणजे आय १०, अपेंडिक्सची तातडीची सूज के ३५. आता रिपोर्ट डेंग्यू पॉझिटिव्ह आहे पण कार्डावर नुसतं "ताप" लिहिलं तर कोड पडतो आर ५०, तो आजाराचा नाही, लक्षणाचा कोड. मग कंपनी विचारते, साध्या तापासाठी भरती काऊन केलं? रिपोर्ट, कार्ड आणि कोड तिन्ही एकच गोष्ट सांगतात का तेवढं पहा. पण क्लेम पास व्हावा म्हणून डॉक्टरला आजारच बदलून लिहा म्हणू नका, ती फसवणूक होते आणि पॉलिसीच रद्द होऊ शकते.

रूमचं भाडं. इथे लोक फार फसतात. ५ लाखांची पॉलिसी, रोजची मर्यादा १ टक्का म्हणजे ५ हजार, आणि रूम घेतली ८ हजारांची. लोकांना वाटतं वरचे ३ हजारच भरावे लागतील. तसं नसतं, डॉक्टरची फी, नर्सिंग, ओटी (ऑपरेशन थिएटर) यांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते, ८० हजारांचे ५० हजारच मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, लावली असेल तर नक्की भांडा.

कॅशलेसमध्ये फायनल बिल गेल्यापासून ३ तासांत कंपनीने मंजुरी द्यायची असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा २०२४ चा नियम आहे. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं तर हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवर (टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम पाहणारी संस्था) आधी हेच विचारा, बिल पाठवलं किती वाजता? बरेचदा ते हॉस्पिटलातूनच निघालेलं नसतं.

आणि क्लेम नाकारला तर फोनवर वाद घालत बसू नका, कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. काकांच्या वेळी तिथवर जावं लागलं नाही, ती जुनी चिठ्ठी काकूने देवघराच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती.