कमी व्होल्टेजचा ऑप-अँप निवडताना ‘रेल-टू-रेल’ या शब्दाची शहानिशा करा

एलएम३५८ हा सर्वपरिचित ऑप-अँप (ऑपरेशनल अँप्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप) ३ व्होल्टपासून चालतो हे खरे असले, तरी त्याचे आउटपुट धन पुरवठ्याच्या साधारण १.५ व्होल्ट खालीच थांबते, म्हणजे ३.३ व्होल्टच्या सर्किटमध्ये वरचा जवळजवळ निम्मा पल्ला वाया जातो. म्हणून अशा ठिकाणी १.८ ते ६ व्होल्टवर चालणाऱ्या एमसीपी६००१सारखा, इनपुट आणि आउटपुट दोन्ही रेल-टू-रेल (म्हणजे पुरवठ्याच्या दोन्ही टोकांच्या, अर्थात रेलच्या, जवळपर्यंत काम करणारे) असलेला ऑप-अँप घ्यावा.

मात्र रेल-टू-रेल आउटपुटही रेलला प्रत्यक्ष टेकत नाही. लोडचा प्रवाह वाढतो तसे हे अंतर वाढत जाते, त्यामुळे डेटाशीटमधला आकडा किती ओहमच्या लोडवर मोजला आहे, हे आधी पाहावे.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती इनपुटची बाजू. अनेक रेल-टू-रेल ऑप-अँपमध्ये ट्रान्झिस्टरच्या दोन स्वतंत्र जोड्या असतात आणि इनपुट व्होल्टेज एका विशिष्ट पातळीपलीकडे गेले की काम एका जोडीकडून दुसरीकडे जाते. त्या क्षणी ऑफसेट (दोन इनपुटांमधली छोटी अंगभूत व्होल्टेज-चूक) किंचित बदलतो आणि बफर म्हणून, म्हणजे सिग्नल न वाढवता जसाच्या तसा पुढे देण्यासाठी जोडलेल्या सर्किटमध्ये तो बदल थेट सिग्नलमध्ये उतरतो. अचूक मापन हवे असेल, तर इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा करून देणारी) रचना करावी, कारण तिच्यात दोन्ही इनपुटांची पातळी स्थिर राहते आणि हा बदल घडतच नाही.

वेगाचा हिशोब सोपा आहे: १ मेगाहर्ट्झ गेन-बँडविड्थ (गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, आणि बँडविड्थ, म्हणजे वारंवारतेचा पल्ला, यांचा गुणाकार) असलेल्या ऑप-अँपकडून १०० पट गेन घेतल्यास उपयुक्त बँडविड्थ सुमारे १० किलोहर्ट्झ उरते.