मलिगटॉनी सूप: नारळाचं दूध फाटू न देता

मलिगटॉनीच्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं. टोमॅटो सूपमध्ये करी पावडर, डाळीच्या आमटीत क्रीम, नाहीतर कॉर्नफ्लोअर घालून घट्ट केलेलं पिवळं काहीतरी. मूळ गोष्ट साधी आहे. मद्रासच्या इंग्रज घरांत जेवणाआधी सूप लागायचं. तिथल्या स्वयंपाक्यांनी मिऱ्याच्या रसमला मटण-कोंबडीचं पाणी, कांदा आणि भात जोडून त्यांची सोय केली. हैदरअलीच्या बंगळूरच्या तुरुंगातल्या एका इंग्रज कैद्याचं १७८४ सालचं गाणं आहे. जेवायला मलिगटॉनी नाहीतर कांजी, असं रडगाणं त्यात आहे. म्हणजे हे क्रीमचं लाडावलेलं सूप कधीच नव्हतं. अँग्लो-इंडियन घरांत आजही भाताबरोबर पातळ ‘पेपर वॉटर’, म्हणजे मिऱ्याचं पाणी, असतं आणि सोबत मटणाचं सुकं. आपण करणार आहोत ते त्याचं दाट भावंड.

चार जणांसाठी हाडांसकट अर्धा किलो कोंबडी, अर्धी वाटी मसूर डाळ, दोन कांदे, एक गाजर, अर्धं आंबट हिरवं सफरचंद, सहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, कढीपत्ता, दोन चमचे तूप, एक नारळ, लिंबू आणि वाटीभर मोकळा भात. मसाल्याला दोन चमचे धणे, एक चमचा जिरे, दीड चमचा मिरे आणि पाव चमचा मेथीदाणे कोरडे भाजून कुटायचे, त्यात अर्धा चमचा हळद. लाल तिखट नको, गरम मसाला तर अजिबात नको. लवंग-दालचिनी पुढे आली की मिरी मागे पडते, आणि मिरीच मागे पडणार असेल तर सरळ रस्सा करा. सफरचंद नसेल तर सोडून द्या. गोड लाल सफरचंद घालण्यापेक्षा ते बरं.

कोंबडी सव्वा लिटर पाण्यात मीठ घालून शिजवा, मांस सोडवून ठेवा, पाणी गाळून घ्या. नारळ खवून वाटीभर कोमट पाण्यात वाटा आणि पिळून दाट दूध काढा. त्याच चोथ्यात दीड वाटी पाणी घालून पातळ दूध काढा. दोन्ही वेगळी ठेवा, हे महत्त्वाचं.

तुपात कढीपत्ता, कांदा, आलं-लसूण परता. कांदा मऊ झाला की मंद आचेवर मसाला घाला आणि कच्चा वास जाईपर्यंत हलवा. करपेल असं वाटलं तर पाण्याचा शिपका मारा. मग गाजर, सफरचंद, डाळ, कोंबडीचं पाणी आणि नारळाचं पातळ दूध घाला. डाळ पूर्ण विरघळेपर्यंत शिजवा, निवल्यावर मिक्सरमधून काढा आणि गाळा. गरमच फिरवलंत तर झाकण उडतं.

इथपर्यंत कोणालाही जमतं. बिघडतं ते यापुढे.

पाककृतींत शेवटी एक ओळ असते: ‘नारळाचं दूध घालून एक उकळी काढा.’ ती ओळ खोडून टाका. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि त्यांना प्रथिनं धरून ठेवतात. साधारण ऐंशी अंशांच्या आसपास ही प्रथिनं घट्ट व्हायला लागतात, पकड सुटते आणि वर तेलाचा तवंग, खाली पांढरा रवा दिसू लागतो. त्यात आंबट पडलं की उरलीसुरली कसर भरून निघते. सोलकढीत कोकम आणि नारळाचं दूध गुण्यागोविंदाने नांदतात, कारण सोलकढीला आच लागत नाही. इथे आच आहे. म्हणून या सूपमध्ये टोमॅटो घालायचा नाही आणि भांड्यात लिंबूही पिळायचं नाही. सफरचंदाचा आंबटपणा बेताचा असतो आणि तो डाळीत मुरलेला असतो, म्हणून तेवढा चालतो.

तर क्रम असा ठेवा. गाळलेलं सूप परत उकळा. मीठ बघा, मिरी बघा, पातळ-घट्ट बघा. जे काही सुधारायचं ते आत्ताच. डाळीने सूप आधीच दाट झालेलं हवं, पाण्यासारखं असेल तर आटवा. मग गॅस बंद करा आणि पाच मिनिटं हात लावू नका. तोवर दाट दूध वाडग्यात घ्या. ते फ्रिजमधलं असेल तर आधी बाहेर काढून कोमट करा, कारण खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतं आणि थंडीच्या दिवसांत दुधावर त्याच्या गुठळ्या दिसतात. आता वाडग्यातल्या दुधात डावभर गरम सूप घालून ढवळा, मग दुसरा डाव, मग तिसरा. दूध असं गरम झालं की ते भांड्यात ओता. एकाच दिशेने ढवळा म्हणतात ते थोतांड आहे, कसंही ढवळा. अगदी मंद आचेवर ठेवा, वाफ दिसू लागली आणि कडेला थरथर सुरू झाली की बंद. बुडबुडा येता कामा नये. झाकणही ठेवू नका. आत उष्णता कोंडते आणि तुमची पाठ वळताच ते उकळतं.

डब्यातल्या नारळाच्या दुधात बहुधा डिंकासारखे पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे ते आच जास्त सोसतं. घाईत वापरायला हरकत नाही, ताज्याची चव मात्र त्याला नाही.

फाटलंच तर चमचाभर शिजलेला भात घालून मिक्सरमधून फिरवा. दिसायला सावरतं, पण लगेच वाढा, थांबलात की पुन्हा सुटतं.

वाढताना वाडग्यात दोन चमचे भात, त्यावर कोंबडीचे तुकडे, वरून सूप आणि ताजी भरड मिरी. लिंबाची फोड बाजूला द्या, ज्याने त्याने आपल्या वाडग्यात पिळावी. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं असेल तर नारळाचं दाट दूध घालण्याआधीच तेवढं सूप बाजूला काढा आणि दूध त्या दिवशी ताजं काढून घाला. दूध घातलेलं सूप पुन्हा गरम करताना निम्म्या वेळा तरी फाटतं.