रुग्णाला त्याच्या बोलीत उपचार कसे मिळवून द्यावेत

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून नाशिकच्या सिव्हिलमध्ये येणाऱ्या कोकणा, वारली किंवा भिल्ल रुग्णांना मराठी येतेच, असे गृहीत धरले जाते. परंतु बाजारहाटापुरती मराठी येणे आणि पोटात कळ केव्हापासून, कुठे व कशी येते हे डॉक्टरांना मराठीत सांगता येणे, यांत फार अंतर आहे. या कामात कॅनडातील फ्रेंच भाषक अल्पसंख्याकांचा अनुभव उपयोगी पडतो. ओटावातील माँफोर्ट हे त्यांचे रुग्णालय बंद करण्याचा निर्णय १९९७ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यांनी मोठे आंदोलन केले आणि २००१ मध्ये अपील न्यायालयात लढाई जिंकली. मात्र आपल्याला घेण्याजोगे त्यांचे तत्त्व याहून साधे आहे: रुग्णाने मागण्याची वाट न पाहता, त्याच्या भाषेतील सेवा कर्मचाऱ्यानेच पहिल्या भेटीत देऊ करावी.

म्हणून सुरुवात केसपेपरच्या खिडकीपासून करावी. पेहरावावरून अंदाज न बांधता प्रत्येकाला “घरी कोणती बोली बोलता?” असे विचारावे आणि उत्तर केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहावे, म्हणजे ओपीडीपासून औषधाच्या खिडकीपर्यंत ते सर्वांना दिसेल.

त्यानंतर या बोली येणाऱ्या परिचारिका, मावशी आणि वॉर्डबॉय यांची पाळीनिहाय यादी लावावी. ऐकलेले जसेच्या तसे सांगणे आणि गुप्तता पाळणे यांचे प्रशिक्षण त्यांना द्यावे, आणि हा वेळ कामाचाच भाग धरावा. अन्यथा आधीच दमलेल्या माणसांवर आणखी एक ओझे पडेल. मुलाला किंवा सासऱ्याला दुभाषी करू नये, कारण पाळीची किंवा अंगावरून जाण्याची तक्रार बाई त्यांच्यासमोर सांगणार नाही. बोली जाणणारे कोणीच नसेल तर गावच्या आशाताईंना फोन लावता येतो. परंतु त्या ओळखीच्या असतात, म्हणून आधी रुग्णाची परवानगी घ्यावी.

औषध देताना “समजलं का?” असे विचारले की उत्तर बहुधा “हो” असेच येते. त्याऐवजी गोळ्यांची पाकिटे रुग्णाच्या हातात द्यावीत, कोणती गोळी केव्हा आणि किती घ्यायची हे त्यालाच सांगायला लावावे, आणि चुकल्यास न रागावता पुन्हा समजवावे. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढल्यास घरी गेल्यावरही आठवण राहते.

किती रुग्ण उपचार अर्धवट सोडतात याची बोलीनिहाय नोंद ठेवून ती दर महिन्याला रुग्ण कल्याण समितीसमोर मांडावी, आणि दुभाष्यांच्या मानधनाची मागणी त्याच नोंदीच्या आधारे करावी.