ग्वाकामोले काळं पडू नये म्हणून

ग्वाकामोले म्हणजे अ‍ॅव्होकॅडोचा गर ठेचून केलेली मेक्सिकन चटणी. अमेरिकेत १६ सप्टेंबरला ग्वाकामोले दिवस असतो, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिनही त्याच तारखेला. त्या दिवशी बेत असेल तर हास जातीचे अ‍ॅव्होकॅडो तीन-चार दिवस आधी, कडक असतानाच आणा. झाडावर ते मऊ होतच नाहीत, तोडल्यावरच पिकतात. घाई असेल तर केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा.

मेक्सिकोत मोल्काहेते नावाच्या दगडी खलात आधी कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ ठेचतात आणि मग गर घालतात. आपला खलबत्ता चालेल. मिक्सर नको, त्यात अगदी गुळगुळीत लगदा होतो. लिंबू पिळायचं ते शेवटी.

आता रंगाचं. गर काळा पडतो तो हवा लागल्यामुळे. वाडग्यात बी खोचून ठेवतात, पण ती टेकते तेवढाच भाग हिरवा राहतो. बाकी नुसती समजूत. त्यापेक्षा चमच्याने दाबून वरचा थर सपाट करा, त्यावर अर्धा सेंटीमीटर गार पाणी अलगद ओता आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. वाढताना पाणी निथळून ढवळा. टोमॅटो हवाच असेल तर तेव्हाच घाला, बिया काढून.